उजव्या खांद्यातली गाठ

"इथं?"

"जरा वर, काका."

मालिशकाकांनी अंगठा जरा वर सरकवला. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू त्यांनी बोट बोट करत चाचपला. गाठ नव्हती. म्हणजे असणारच, त्यांना लागत नव्हती.

"आई गं!" टेबलावर पालथी पडलेली क्रेन ओरडली. "तिथंच!"

"हं, सापडली," काका म्हणाले आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. असं खोटं बोलण्याचा हा एकविसावा दिवस होता.

क्रेन हे काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. व्यायामशाळेत वजन उचलणाऱ्या पोरांनी ते ठेवलं होतं, आदराने आणि थोडं लांब उभं राहून. तीन आठवड्यांपूर्वी ती उजवा खांदा धरून या खोलीत आली, तेव्हा काका रिकाम्या टेबलावरची न चुरगळलेली चादर बदलत होते. पोरं आता हातात धरायचं मालिशचं थरथरतं यंत्र मांडीला लावून बसत. ते यंत्र गप्पा मारत नसे, ही त्याची मोठीच सोय. मॅनेजर तर खोलीचं माप घेऊन गेला होता. त्यामुळे क्रेनचं दुखणं बघून काकांना आधी हायसं वाटलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

"सरांना सांगू नका हं," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "निवडीतून काढतील."

"मग डॉक्टरला तरी दाखव."

"तुमची बोटं असताना डॉक्टर कशाला?"

बोटं! त्यांचीच तर जाण गेली होती. काकांच्या वडिलांचीही साठीत अशीच गेली. त्यांनी ते लपवलं आणि एका खेळाडूचा दुखरा दंड असा रगडला, की त्याने पुन्हा वजनाला हात लावला नाही. "मला काही लागलंच नाही रे हाताला," एवढंच वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले.

सराव सकाळचा आणि काकांची खोली दुपारची, त्यामुळे तिला वजन उचलताना त्यांनी या तीन आठवड्यांत पाहिलं नव्हतं. पाहायची हिंमतही नव्हती.

घरी मात्र बोटं वेगळंच सांगत. रोज चहाच्या आधी बायको वर्तमानपत्राच्या पानांखाली आपला एक केस ठेवी आणि काका डोळे मिटून तो शोधत. वडिलांनी शिकवलेली परीक्षा. आज सकाळी आठ पानांखालचा केस पहिल्या फटक्यात सापडला होता.

"बोटं ठणठणीत आहेत," बायको म्हणाली होती. "डोक्याचं तेवढं दाखवून घ्या. उद्यापासून केस तुमचाच घेऊ म्हटलं असतं, पण..." आणि काकांच्या टकलाकडे बघून तिने वाक्य सोडून दिलं.

पण कागद म्हणजे काही माणसाचं मांस नव्हे, काकांना वाटलं.

साडेचार वाजले. मॅनेजर नेहमीप्रमाणे दाराच्या काचेतून डोकावला आणि क्रेन नेहमीप्रमाणे जोरात विव्हळली. दुखण्याला शिस्त होती. साडेचारला ते हटकून वाढे आणि मॅनेजरची पावलं लांब गेली की उतरे.

काका तेलाची बाटली ठेवायला वळले, तर त्यांची चप्पल टेबलाखाली कुठेतरी सरकलेली. क्रेन उठली, उजव्या हाताने टेबलाची एक बाजू वर उचलली आणि पायाने चप्पल बाहेर ओढली.

"अगं ए! त्याच हाताने?" काका ओरडले. "आता दुखेल ना!"

"हो की," क्रेन म्हणाली. टेबल हळूच खाली ठेवून मग म्हणाली, "आई गं."

"उद्या निवड आहे. वजनाचा बार डोक्यावर असताना खांदा निसटला, तर मानेवर येईल. कळतंय का?"

"तुम्ही आहात ना, काका."

त्या वाक्याने काकांची झोप उडाली. सकाळी आठ पानांखाली केस ठेवून बायको वाट बघत बसली. काका तिच्यासमोरच बसून मॅनेजरला पत्र लिहीत होते. बोटांची जाण गेली आहे, तीन आठवडे गाठ सापडलेली नाही, मला मोकळं करावं.

मॅनेजरने पत्र दोनदा वाचलं, एकदा उभ्याने आणि एकदा बसून. "फार वाईट वाटलं हो," तो म्हणाला आणि त्याने खोलीच्या किल्लीसाठी हात पुढे केला. काकांनी शर्टाच्या खिशातून किल्ली काढून दिली.

"त्या मुलीला आज तेवढं थांबवा, साहेब. आधी डॉक्टरला दाखवू दे."

"ते सरांचं खातं," मॅनेजर म्हणाला. त्याने ड्रॉवरमधून मोजायची टेप काढलीसुद्धा.

काका धावले. दारात चप्पल निसटली, तशीच टाकून धावले. हॉलमध्ये पोचले तेव्हा क्रेनने बार छातीवर घेतला होता. "थांब!" म्हणायच्या आतच बार वर गेला. काकांनी डोळे मिटले आणि तो कोसळायची वाट बघितली.

टाळ्या वाजल्या.

डोळे उघडले तर क्रेन हात ताठ करून उभी. बार जागच्या जागी, खांदा खुंटीसारखा पक्का.

"काका, तुम्ही सकाळचे इकडे कुठे?" शेजारून सरांनी विचारलं.

"तिचा खांदा... उजवा..."

"तिच्या खांद्याला काय धाड भरलीय? तीन आठवड्यांत एक दिवस बार सुटला नाही पोरीचा!"

क्रेनने बार खाली टाकला आणि तिला काका दिसले. एकशे दहा किलोंनी न हललेला तिचा चेहरा खर्रकन उतरला. हाताची पांढरी पावडर चड्डीला पुसत ती जवळ आली. काकांचा हात सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा सपाट होता.

"मॅनेजरला कळू देऊ नका हं, काका," ती त्यांच्या कानाशी कुजबुजली. "खोली बंद करतील."