रेदाँचा डोळा

दारावर पुन्हा थाप पडली आणि मोहिनीनं भिंतीवरची चित्राची चौकट खिळ्यावरून ओढूनच काढली.

"मॅडम, उघडा! घरात आहा, मालूम हाय आमाले!" आवाज समोरच्या घरातल्या रोशनचा होता. त्याच्या मागं बायकांची कुजबुज चालली होती.

मोहिनीची पाचावर धारण बसली. सिंदीच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची, एकटीच राहायची. नाद म्हणाल तर एकच. रेदाँ नावाच्या फ्रेंच चित्रकाराचे जुने छाप जमवायचा. दगडावर काढून कागदावर उतरवलेली काळीकुट्ट चित्रं ती. त्यात दात दाखवून हसणारा कोळी होता, आणि आभाळात फुग्यासारखा तरंगणारा भलामोठा डोळा. एकेका छापासाठी तिनं वर्ष वर्ष वाट पाहिली होती. बाया सोन्याला जपत नसतील, इतकं तिनं या कागदांना जपलं होतं.

परवा रोशनची आई मंदाबाई विरजण मागायला आली, कडेवर नातू. पोराची नजर त्या डोळ्यावर गेली आणि त्यानं असं भोकाड पसरलं की सारी गल्ली गोळा झाली. त्याच रात्री पोर तापानं फणफणलं. मग काय विचारता! सकाळी मोहिनी पिठाच्या चक्कीवर गेली, तर बोलत्या बाया एकदम गप्प. ती वळली तसं मागून कुणीतरी म्हणालंच, "मास्तरीनबाई करनी करते."

करणीचा आळ आलेल्या बाईचं काय होतं, हे तिला वेगळं सांगायची गरज नव्हती. आधी चित्रं जाळतील. मग तिच्याकडे वळतील.

तिनं छाप भराभरा गादीखाली सरकवले. डोळा मात्र मोठ्या काचेच्या चौकटीत, तो कुठंच मावेना. तोवर कडी खडखडायला लागली. लपवून लपवून किती लपवणार? तिनं चौकट छातीशी धरली आणि दार उघडलं.

रोशनच्या हातात हातोडी होती.

"फोडू नका," मोहिनी म्हणाली. "मी हे गाव सोडते. आजच जाते. पण हे फोडू नका हो."

"फोडाले कोन आलं, माय?" रोशनला बाजूला सारून मंदाबाई पुढं झाली. "लेकरू बरं हाय आता. डाक्टरनं सुई देल्ली, ताप उतरला." तिनं चौकटीकडं एकदा पाहिलं आणि झटकन मान फिरवली. "हे आमच्या दारावर ठोकू द्या, मॅडम. आमचं लेकरू याले पाहून इतकं भेलं, तर त्याच्यावर वाईट नजर टाकनारी काऊन नाई भेनार?"