उसण

हिवाळा सरला की एका रविवारी इमारतीतल्या प्रत्येकाने अंगण झाडायला खाली उतरायचं, ही नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमची जुनी रीत. आजारी माणसालाच काय ती सूट. सिग्रिड पालापाचोळा ओढत होती, पण नजर सारखी तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घराच्या बंद पडद्याकडे जात होती.

"आयविंड कुठाय?" एका शेजाऱ्याने विचारलं.

"पाठीत उसण भरलीये त्याच्या." सकाळपासून पाचव्यांदा तिने नवऱ्याचं हेच कारण सांगितलं.

तळमजल्यावरच्या गुडवाइग आजींनी तिच्या हातात कॉफी दिली. "माझ्या नवऱ्यालाही अकरा वर्षं उसणच भरलेली. मीच सांगायचे सगळ्यांना."

"मग कशाने बरी झाली?"

"झालीच नव्हती गं कधी. मनातून पार खचला होता तो, आणि मी कोणाला कळू दिलं नाही. शेवटी अख्खी इमारत आली, पण त्याला पोचवायला."

तेवढ्यात सोसायटीचे अध्यक्ष हजेरीची यादी घेऊन आले. "आयविंडच्या नावापुढे काय लिहू? पाठच ना?"

सिग्रिडने कॉफीचा कप आजींच्या हातात परत दिला.

"पाठ ठणठणीत आहे त्याची," ती म्हणाली. "वर चला. भेटा त्याला."