शिंपल्यांची वाट

अण्णांनी दोर सोडला आणि ते वाटेवरच मटकन बसले.

"घरी ने मला, त्र्यंबक. दोराला धरून फिरायला मी काय घाण्याचा बैल आहे?"

त्र्यंबकचं तोंड एवढंसं झालं. ठाण्याला आगगाडी येऊन तीस वर्षं लोटली, तेव्हा कुठे तळ्याकाठी बाग होत होती, आणि ओव्हरशियर म्हणून ते काम त्याच्याकडे आलं होतं. डोळे गेल्यापासून वडील दोन वर्षं ओटीवर बसून होते. एकट्यानं तळ्याला फेरी मारायची, एवढंच त्यांचं मागणं. म्हणून त्यानं हौसेनं वाट गुळगुळीत करून घेतली, कडेनं दोर ओढला. सगळं मुसळ केरात!

वाटेची माती चोपण्याच्या कामावरचा धाकू हे बघत होता. त्याचा जन्म मिठागरात गेलेला.

"सायेब, आमी डोले मिटून बांदावरशी जातांव. पायांना कलतं. तुमचे या गुलगुलीत वाटंवर पायांनी काय वलखाचं?"

मजुरानं ओव्हरशियरला शिकवावं, याचा त्र्यंबकला आधी रागच आला. पण बोलणं खरं होतं. दोर निघाला. सरळ वाटेवर खाडीतल्या शिंपल्यांचा चुरा पडला, वळणांवर वाळू, पाण्याच्या बाजूला विटांची उंच कड.

अण्णा पायांत वहाणा घालून काठी टेकत निघाले. शिंपले करकरले. वाळू लागली तसे ते बिनचूक वळले. फेरी पुरी झाली तेव्हा ते हसत होते. त्र्यंबकला भरून आलं.

तरी त्याचा जीव राहीना. पाय घसरला तर? दुसऱ्या दिवसापासून तो गुपचूप दहा पावलं मागून चालू लागला. चाहूल लागू नये म्हणून अनवाणी, अण्णांच्या पावलाबरोबर पाऊल टाकत. चुरा कसला, काचाच त्या.

आठव्या दिवशी फेरी संपली आणि अण्णा तळ्याच्या पायरीवर टेकले. त्र्यंबक लंगडत घरी सटकणार, तोच हाक आली.

"इकडे ये रे."

अण्णांनी कनवटीतून कोकमतेलाचा गोळा काढून पुढे धरला.

"वाट झकास केलीस. हे पायांना लाव, आणि उद्या मला खरंच एकट्याला फिरू दे."