दाराला कडी

हिशेब साधा होता. बाईने सेनापतीची बायको होऊन दारात उभं राहायचं, दोन वाक्यं बोलायची, शत्रूच्या हातून मरायचं आणि अर्ध्या दिवसाचा मेहनताना घेऊन घरी जायचं. सेनापतीने चिडायचं आणि पुढचा अख्खा व्हिडिओ गेम सूड घेत फिरायचं.

बाई गेममधल्या पात्रांना आवाज द्यायची. आवाज गोड, म्हणून मरणं तिच्याकडेच चालून यायचं. आतापर्यंत चार गेममध्ये ती गेली होती: आगीत, विषाने, कड्यावरून आणि एकदा नुसतीच. लेकीने कौतुकाने त्यातला एक लावला, पाणी प्यायला उठली, परत आली तोवर आई संपली होती.

आज माईकसमोर बाईने कागद खाली केला.

"या घराच्या दाराला कडी नाही का?"

काचेपलीकडे दिग्दर्शकाच्या शेजारी लेखिका बसली होती. "आहे ना. पण ती लावत नाही. नवऱ्याची वाट बघतेय."

"वाट कडी लावूनही बघता येते की."

सेनापतीचा आवाज देणारा दादा कोपऱ्यात चहा पीत होता. तो खुसखुसला.

"ताई, कडी लावली तर तुम्ही मरत नाही," दिग्दर्शक म्हणाला. "तुम्ही मेला नाहीत तर हा चिडत नाही. हा चिडला नाही तर गेम सुरूच होत नाही. आणि गोड आवाजांची काही टंचाई नाही."

शेवटचं वाक्य बाईला नीट कळलं. हातचं काम जात होतं. तरी तिने कागद उचलला नाही.

"शत्रू गल्लीतून ओरडत येतायत. एवढं ऐकूनही ही दार सताड उघडं ठेवते. अशी मुकाट मरणारी बाई चार वेळा जमवली मी. आता नाही जमत."

 लेखिकेने खेळलेल्या प्रत्येक गेममध्ये दार उघडंच असायचं, म्हणून तिनेही ते उघडं ठेवलं होतं. त्यात बायकोचा फायदा काय, हे कधी मांडून पाहिलं नव्हतं.

"समजा, लावली कडी," ती हळूच म्हणाली. "शत्रू बाहेर. ही आत. मग नवरा?"

"तो यायचाय ना अजून?" बाई म्हणाली. "म्हणजे तोही बाहेरच."

सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. दादाने कप खाली ठेवला.

हा गेमच्या कच्च्या नमुन्याचा पहिलाच प्रसंग होता. पुढचं काहीच बांधून झालेलं नव्हतं, म्हणजे मोडायचाही खर्च नव्हता. एवढं ध्यानात आल्यावर दिग्दर्शक म्हणाला, "करून तर बघू."

दुपारपर्यंत प्रसंग नव्याने लिहून झाला: कडी लागली, सेनापती दाराबाहेर मेला, मग कडी उघडली, आणि सेनापतीची तलवार बायकोच्या हातात आली. दादाला मात्र मरणं जमेना. ऐन वेळी खोकला यायचा.

"ताई, तुम्ही कसं करता हो हे?"

"घशातून नाही, दादा, पोटातून मरा. आणि सावकाश. पुढे चिडायचं मला आहे."

अख्खा गेम बाईच्या पदरात पडला. किंमत दादाने मोजली, तीही कशी मोजायची ते तिलाच विचारून.