विहिरीवरची मांजरं

नात ज्ञानेश्वरीचं लग्न झालं, त्याच साली छबूबाईला कृषी विद्यापीठाच्या गेटवर पहिल्यांदा अडवलं.

अडवणं तिला नवं नव्हतं. लग्नात ती हळद लावायला पुढं झाली, तेव्हा भावकीतल्या बायका कुजबुजत आडव्या आल्या होत्या. तिचा नवरा सूर्यभान आदल्या वर्षी कालव्यात गेला. काठावर वहाणा आणि पटका सापडला, अंग सापडलं नाही. पोरांनी दर्भाचा पुतळा जाळून दहावा केला. पिंडाला कावळा काही शिवला नाही. "जीव रानात अडकलाय," लोक म्हणाले. छबूबाईनं मात्र कुंकू पुसलं नाही. मुलगा रविराज भिंगारला न्यायला आला, तर गेली नाही. हळदीलाही रुपयाएवढं कुंकू लावून उभी राहिली.

"ज्याला बघवत न्हाई, त्यानं तिकडं तोंड करावं," म्हणाली आणि नातीच्या गालाला हळद लावली.

आता त्याच कपाळानं ती कल्याण साहेबांपुढं उभी होती. साहेब नवे सुरक्षा अधिकारी.

"आजी, डब्यात काय?"

"भाकर-दुधाचा काला. जुन्या विहिरीवरच्या मांजरांना."

"शेतात बाहेरच्या माणसाला मनाई आहे. मांजरं प्लॉटात घाण करतात. उद्यापासून यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती ओढ्याकडून तारेखालून शिरली. साहेबांनी ती फट बुजवली. मग ती गेटसमोरच्या लिंबाखाली डबा मांडीवर घेऊन बसली. उन्हं चढली तरी उठेना. वॉचमननं पाणी दिलं, तेही घेतलं नाही.

हॉस्टेलच्या पोरी तिच्याभोवती जमल्या. त्यातली स्नेहल मांजरवेडी. मेसमागची दोन मांजरं तिनं माणसाळवली होती. तिनं डब्यात बोट बुडवून चाखलं.

"आजी, यात मीठ आहे! मांजरांना मीठ बाधतं."

"माझ्या मांजरांना आळणी उतरत न्हाई, बाई."

पोरी हसल्या. स्नेहल उठून साहेबांशी भांडायला गेली. येताना साहेबांनाच घेऊन आली.

"हे बघा, आजी," साहेब म्हणाले, "गेटजवळ कोपरा देतो. ताटल्या ठेवू. या मुली रोज घालतील. तुम्हाला चालायचाही त्रास नाही. झालं?"

"न्हाई."

"का?"

"कुत्रं माणसाला धरून ऱ्हातं, साहेब. मांजर जागेला. जागा सोडून ते जेवायचं न्हाई."

साहेब तिच्याशेजारी लिंबाच्या पारावर टेकले. आवाज खाली आणला.

"खरं सांगू का? ती विहीर तुमची होती. भोवतालचं रानही. विद्यापीठानं घेतलं. तुमचे मालक कितीदा तिथं जाऊन बसायचे, आमच्या लोकांनी कितीदा हाकललं, सगळं ऐकलंय मी. मांजरांच्या नावाखाली वहिवाट दाखवताय. उद्या कोर्टात जाल."

"कोर्टात जायचं असतं तर वकील आणला असता. डबा कशाला आणला असता?"

स्नेहल फिस्सकन हसली. साहेब उठले.

"चला. दाखवा तुमची मांजरं. मला दिसली तर पास देतो. नाही दिसली तर पुन्हा इकडं फिरकायचं नाही."

छबूबाईनं पदर खोचला. शेताच्या टोकाला वेड्या बाभळींचं रान माजलं होतं. सापाच्या भीतीनं तिकडं कुणी मजूर जात नसे. बाभळी लागल्या तशी ती मोठ्यानं ओरडली.

"साहेब आल्यात बरं का रं! भिऊ नका, गप ऱ्हावा!"

"मांजरांना कळतं का?" साहेब हसले.

"सगळं कळतं."

आणि खरंच, एक एक मांजर बाहेर आलं. कबरं, काळं, एका डोळ्याचा लाल बोका. बोका साहेबांच्या बुटाला अंग घासून गेला. विहिरीच्या काठाला पडकं इंजिनघर होतं. दाराला तार गुंडाळलेली. पायरीवर कालचा डबा होता.

"चाटून लख्ख केलाय की," साहेब म्हणाले.

काळी मांजर दाराखालच्या फटीतून आत गेली. साहेबांनी तारेला हात घातला.

"आत काय आहे?"

"व्यायलीय ती." छबूबाई दाराला पाठ लावून उभी राहिली. "परक्याची नजर पडली की पिल्लं उचलती. सात घरं फिरवती. त्यात एखादं मेलं, तर सोन्याचं मांजर काशीला कोण वाहणार? तुमी?"

साहेबांनी तार सोडली. लहानपणी त्यांच्या घरी मांजर अशीच पिल्लं घेऊन हिंडली होती.

"बरं बाई, नाही बघत," म्हणाले. त्याच संध्याकाळी पास दिला.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. छबूबाई रोज ताठ मानेनं गेटातून जाऊ लागली. थंडी वाढली तशी डब्याबरोबर एक गोधडी गेली. "बाळंतिणीला," ती म्हणाली. वॉचमन हसला. साहेबही आता नमस्कार करू लागले.

भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भाजी घेऊन ती गेली, आणि लगेच माघारी आली. डबा भरलेलाच होता. मागून सगळी मांजरं येत होती, एका डोळ्याचा बोकासुद्धा. विहीर न सोडणारी मांजरं गेटापर्यंत आली आणि तिच्या पायाशी बसली.

छबूबाईचं कपाळ मोकळं होतं.

"साहेब, चार माणसं द्या."

"काय झालं, आजी? मांजर मेलं का? अहो, मग त्याला चार माणसं कशाला?"

सूर्यभान वारले होते. यंदाच्या भोगीला, सकाळी, स्वतःच्या विहिरीवर, इंजिनघरातल्या बाजेवर.