एक नग, सहा चाकी

पुढचं डावं चाक सापडत नव्हतं आणि उद्या अकराला कोर्ट होतं.

"हलू नका," शिला म्हणाली. "तुमच्या मांडीखाली आसंल."

हवालदार नरसिंग श्वास रोखून उठला. सुपारीएवढं चाक त्याच्या विजारीला चिकटलेलं होतं. बायकोनं ते चिमट्यानं सोडवलं. ब्लाउज शिवून शिवून तिचा हात स्थिर होता. 

डब्यावरच्या चित्रात महायुद्धातला ट्रक चिखल उडवत चालला होता. डब्यात एकशे अठ्ठेचाळीस प्लास्टिकचे तुकडे निघाले होते. त्यांतले एकशे एक्केचाळीस जागेवर बसले होते.

खरा ट्रक असाच होता, फक्त खरा. सटवाजी पाटलानं तो हौसेनं लष्कराच्या लिलावातून आणला. आठ वर्षांमागं वारंगा फाट्यावरून तो चोरीला गेला. पोलिसांनी शोधून काढला आणि मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभा केला. आता तिथं चार विटा आणि तेलाचा डाग होता. आणि कोर्टाच्या साहेबांनी हुकूम दिला होता: मुद्देमाल हजर करा, मालक ओळख पटवेल.

मुद्देमालाचा सांभाळ नरसिंगकडे. निवृत्तीला चौदा महिने.

नोंदवहीत एवढंच लिहिलं होतं: 'लष्करी ट्रक, जुना, हिरवा, सहा चाकी, एक नग.' लांबी-रुंदी लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं. नरसिंगनं ती ओळ दहादा वाचली आणि पार्सल मागवलं.

"पर खरा गेला कुठं?" शिलानं विचारलं.

"डिंक सांभाळ. बोटं चिकटतील."

"नोकरी गेली तर मी जेलात डबा आणून देणार न्हाई, सांगून ठेवते."

"आगं, आधी आरसा बसव."

सकाळी ट्रक चपात्यांच्या डब्यात ठेवून नरसिंग कोर्टात पोचला. व्हरांड्यात आरोपी भावसिंग बसला होता. जामिनावरचा ड्रायव्हर, मिशीला पीळ. आठ वर्षं त्याचं एकच म्हणणं होतं: म्या त्या ट्रकला हात बी लावला न्हाई.

"रामराम, हवालदार."

नरसिंग भिंतीवरचं जुनं कॅलेंडर वाचत राहिला.

पुकारा झाला. नरसिंगनं झाकण काढलं आणि ट्रक टेबलावर ठेवला. सरकारी वकील पंख्याकडं बघू लागले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे काय आहे?"

"मुद्देमाल साहेब. नोंदीपरमानं."

साहेबांनी नोंद वाचली. ट्रककडं पाहिलं. बोटानं चाकं मोजली. सहा भरली. 

"मालकाला बोलवा."

ऐंशी वर्षांचा सटवाजी काठी टेकत आला. त्यानं ट्रक तळहातावर घेतला, डोळ्यांजवळ नेला, उलटा केला. नरसिंगला वाटलं, आता म्हातारा ओरडणार. आता बेड्या.

"व्हय," सटवाजी म्हणाला. "हाच."

"नीट बघा. खात्री आहे?"

"साहेब, आठ वर्षं उन्हात व्हता. जरा वाळलाय. पर हाच हाय. आता मला पुढली तारीख देऊ नका. गुडघे न्हाई ऱ्हायले."

साहेबांनी ट्रक स्वतः एकदा उलटा करून पाहिला. मग त्यांनी टायपिस्टला सांगितलं, "घ्या. मालकाने मुद्देमाल ओळखला."

नरसिंगनं रिकाम्या डब्याला झाकण लावलं. चौदा महिने. पेन्शन. शिलाला नवी शिलाई मशीन.

"थांबा!"

भावसिंग उठून उभा होता. त्याचा वकील त्याची बाही ओढत होता. त्यानं ती झटकली. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"हा ट्रक? म्या हा चोरला म्हणून लिहून राहिले तुमी? साहेब, वीस वर्षांची डायवरी हाय माझी. गावात माझी लेकरं काय सांगतील, बापानं खेळणं चोरलं? आख्खा ट्रक नेला व्हता म्या! एकदा फाट्यावरून, आन दुसऱ्यांदा तुमच्या ठाण्यातून! खोटं वाटत आसंल तर इचारा या नरसिंगला. बॅटरी उतरली व्हती, तवा मागून धक्का कुणी मारला?"