हिचं विरजण

"काका, यातले जिवाणू अफू तयार करतात," कस्टम अधिकारी हेमांगी तोरसकर थकून म्हणाली. सकाळपासून पकडलेली ही एकोणिसावी डबी. अफूची पोती आता कुणी आणत नव्हतं. देशात चमचाभर विरजण पोहोचलं की पुरायचं.

"काहीतरीच काय! हे आमच्या हिचं विरजण," परदेशातल्या लेकाकडून परतलेले केळुसकर म्हणाले. "ती गेल्यापासून मी रोज दही लावतो. खात नाही, फक्त जपतो."

"काय झालं होतं त्यांना?"

"कॅन्सर. शेवटी औषधं लागू पडेनात. पण दहीभात खाल्ला की कण्हणं थांबायचं..." बोलता बोलता त्यांची नजर डबीवर गेली.

हेमांगीने गुन्ह्याचा फॉर्म उघडला. "विरजण कुणी मिळवलं होतं?"

"मी," केळुसकर म्हणाले. "माझं नाव लिहा."